पुन्हा पुन्हा तेच : स्वमग्न मुलांचं बोलणं आणि ऐकणाऱ्यांचा इतिहास

आई विचारते, "तुला पाणी हवं?" आणि चार-पाच वर्षांचा मुलगा तिच्याच सुरात म्हणतो, "तुला पाणी हवं?" ती पुन्हा विचारते, तो पुन्हा तेच म्हणतो. दुसऱ्या एखाद्या घरात मुलगी दुपारभर कार्टूनमधलं एकच वाक्य घोळवत असते. घरातले दमतात. पाहुणे "पोपट आहे हो अगदी" म्हणून हसतात. आईच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : याला काही म्हणायचंय का, की हे नुसतंच तोंडातून येतंय?

ऐकलेलं तसंच्या तसं परत बोलण्याला वैद्यकात 'एकोलालिया' म्हणतात. शब्द ग्रीक आहे, प्रतिध्वनी आणि बोलणं या दोन शब्दांपासून झालेला. बोलायला शिकणारं जवळपास प्रत्येक मूल काही काळ असं करतं आणि तीन वर्षांच्या आसपास ते कमी होत जातं. ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न मुलांपैकी जी बोलतात, त्यांच्यातल्या अनेकांमध्ये ते बराच काळ टिकतं. या बोलण्याकडे गेल्या दोनशे वर्षांत डॉक्टरांनी कसं पाहिलं, हा आजचा विषय. हा इतिहास जितका मुलांचा आहे तितकाच त्यांचं ऐकणाऱ्यांचाही आहे. त्यात एक व्यक्ती सतत भेटेल : मुलाला सांभाळणारी बाई. तिची साक्ष जेव्हा धरली गेली, तेव्हा बोलण्याचा अर्थ लागला. जेव्हा ती बाजूला सारली गेली, तेव्हा मुलांचे हाल झाले.

एकच डॉक्टर, दोन धागे

सुरुवात पॅरिसमध्ये करू. 1800 सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात साधारण अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. तो जंगलात एकटा राहत होता आणि बोलत नव्हता. त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत आणलं गेलं. तिथल्या झाँ इतार या तरुण डॉक्टरने त्याला शिकवायला घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं व्हिक्टर. रोजची देखभाल मादाम गेरँ नावाच्या बाईंकडे होती.

इतारने 1801 साली अहवाल लिहिला. व्हिक्टरला दुधासाठीचा फ्रेंच शब्द बोलता येऊ लागला होता, पण इतारची निराशा झाली. मुलाने आधी शब्द उच्चारून दूध मागावं, अशी त्याची अपेक्षा होती. मुलगा तो शब्द दूध दिसल्यावर, मिळाल्यावर, आनंदाने उच्चारायचा. म्हणजे हे मागणं नाही, नुसता उद्गार आहे, असं इतारने ठरवलं. मुलाने आणखी एक गोष्ट उचलली होती. मादाम गेरँ आनंदाच्या भरात देवाचं नाव घेत. आपल्याकडे कुणी सहज "अरे देवा" म्हणतं, तसं. व्हिक्टरही आनंद झाला की तेच म्हणू लागला.

व्हिक्टर स्वमग्न होता का, यावर आजही वाद आहे आणि तो आता सुटणं कठीण आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शिक्षकाने कष्टाने शिकवलेला शब्द आणि सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडून आपोआप आलेला उद्गार, दोन्ही त्या मुलाने आनंदाच्या क्षणाला जोडले होते. डॉक्टरला हवं होतं तसं ते बोलणं नव्हतं, म्हणून हिशेबात धरलं गेलं नाही. इतारने पुढे काही वर्षांनी प्रयत्न सोडले. मादाम गेरँनी मात्र व्हिक्टरला 1828 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत सांभाळलं.

याच इतारने 1825 साली आणखी एक नोंद केली. दांपिएर नावाच्या एका उमराव घराण्यातल्या स्त्रीला सातव्या वर्षापासून अंगाला झटके येत. पुढे मध्येच ओरडणं आणि चारचौघांत न शोभणारे शब्द तोंडातून निसटणं सुरू झालं. तिला ते थांबवता येत नसे. शब्द जितका लाजिरवाणा, तितकी तो तोंडून जाण्याची भीती मोठी, आणि त्या भीतीनेच तो जिभेवर येऊन बसायचा, असं तिचं म्हणणं इतारने लिहून ठेवलं आहे.

साठ वर्षांनी, 1885 मध्ये, पॅरिसच्याच साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या जॉर्ज जिल द ला तूरेतने अशा 9 रुग्णांचा अभ्यास छापला आणि त्यात पहिली म्हणून याच स्त्रीची हकीकत घेतली. या विकाराला आज आपण टूरेट सिंड्रोम म्हणतो. तूरेतच्या निबंधाच्या शीर्षकातच एकोलालिया हा शब्द होता. म्हणजे ऑटिझमला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी पुनरुच्चाराची गाठ टिक्सशी, म्हणजे अनैच्छिक झटक्यांशी, बांधली गेली होती. झटका जसा अर्थाशिवाय येतो, तसाच हा शब्दही येतो, असं मानणं मग सोपं झालं. पुढे ऑटिझमच्या मुलांनाही हाच चष्मा लावला गेला.

'हो' म्हणजे खांद्यावर बसणं

आता अमेरिकेत जाऊ. लिओ कॅनर हे मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातले ज्यू डॉक्टर. ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ होते. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या गावातल्या एका वकिलाने त्यांना आपल्या मुलाविषयी 33 पानांचं पत्र पाठवलं, आणि 1938 च्या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा डोनाल्ड ट्रिपलेट त्यांच्यासमोर आला. 1943 साली कॅनरनी 11 मुलांवर, म्हणजे 8 मुलगे आणि 3 मुली यांच्यावर, निबंध छापला. ऑटिझमचा आधुनिक इतिहास तिथून मोजतात.

अकरांपैकी आठ मुलं बोलत होती. त्यांचं बोलणं कॅनरनी बारकाईने टिपलं. डोनाल्डला बूट काढून हवा असेल, तर तो आईला उद्देशून "तुझा बूट काढ" अशा अर्थाचं वाक्य म्हणे, कारण आई त्याला तेच म्हणायची. अंघोळ हवी असली की तो अंघोळीचा प्रश्नच विचारायचा. 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल झाली होती.

'हो' या शब्दाची हकीकत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. वडील डोनाल्डला म्हणाले होते की, 'हो' म्हटलंस तर खांद्यावर घेईन. त्यानंतर त्याच्या लेखी 'हो' या शब्दाचा अर्थ झाला, मला खांद्यावर घ्या. शब्द त्या एका प्रसंगापासून सुटा व्हायला कित्येक महिने लागले. नुसतं वरवर ऐकणाऱ्याला ते असंबद्ध वाटलं असतं. वडिलांना माहीत होतं की ते अगदी नेमकं आहे.

1946 मध्ये कॅनरनी अशा वरवर असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यावरच वेगळा निबंध लिहिला. त्यात पॉल नावाचा मुलगा आहे. तो मध्येच म्हणायचा की कुत्र्याला गॅलरीतून खाली टाकू नकोस. आजूबाजूला कुत्रा नसायचा आणि गॅलरीही नसायची. आईने खुलासा केला. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हॉटेलात राहत असताना पॉल आपला खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकत होता. उचलून आणून ती कंटाळली आणि तिने त्याला हे वाक्य ऐकवलं. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो हेच वाक्य म्हणून स्वतःला अडवत असे. हाच मुलगा भांडं दिसलं की एका बडबडगीताचे दोन शब्द उच्चारायचा, कारण आई ते गाणं म्हणत असताना तिच्या हातून भांडं पडलं होतं. तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

कॅनरनी यातून काढलेला निष्कर्ष असा : या बोलण्याला अर्थ आहे, पण तो मुलाच्या स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगात दडलेला आहे. प्रसंग कळला की कुलूप उघडतं. आणि तो प्रसंग कोणाला ठाऊक असतो? त्या वेळी स्वयंपाकघरात असलेल्या आईला.

साक्षीदाराचा आरोपी होतो

इथून पुढे गोष्ट उलटी फिरली, आणि त्यात खुद्द कॅनर यांचाही हात होता. 1943 मध्ये त्यांनी हा दोष जन्मजात असल्याचं म्हटलं होतं, पण पालकांत मायेची ऊब कमी दिसते, असंही नोंदवलं होतं. 1949 मध्ये त्यांनी या मुलांच्या घरांची तुलना रेफ्रिजरेटरशी केली. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शिक्का त्यातूनच पुढे जगभर गेला. 1967 साली शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक आलं. ऑटिझमचं मूळ आईबापांच्या वागण्यात शोधायचं, मुलाला घरापासून दूर ठेवायचं, हा विचार त्याने लोकप्रिय केला. मूल 'मी' म्हणत नाही, कारण ते स्वतःचं असणंच नाकारतं, असा अर्थ बेटलहाइम यांनी लावला.

हा अर्थ ऐकायला खोल वाटतो. 1974 मध्ये लंडनच्या लॉरेन्स बार्टक आणि मायकेल रटर यांनी तो साध्या पद्धतीने तपासला. वाक्य परत म्हणताना ही मुलं बहुधा शेवटचे शब्द धरून ठेवतात. इंग्रजीत 'मी' हा शब्द बहुतेक वाक्याच्या सुरुवातीला येतो, म्हणून तो गळतो. तोच शब्द वाक्याच्या शेवटी ठेवला, तर मुलं तोही म्हणतात. 'मी' नाकारण्याची भानगड नव्हतीच. मुलं ऐकलेलं परत म्हणत होती, इतकंच.

आईवरचा आरोप मागे घ्यायला लावला तो पालकांनीच. बर्नार्ड रिमलँड अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहून ऑटिझमचं मूळ मेंदूत आहे, अशी मांडणी केली. कॅनरनी त्याला प्रस्तावना लिहिली. 1965 मध्ये अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि 1969 मध्ये तिच्याच बैठकीत कॅनरनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. टिक्सच्या बाबतीतही असंच झालं. मनोविश्लेषणाच्या काळात टिक्सना दबलेल्या इच्छांचं लक्षण मानलं गेलं. 1960 च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधाने झटके कमी होतात असं दिसलं आणि मेंदूकडे लक्ष वळलं. 1972 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कुटुंबांनी टूरेटची संघटना स्थापन केली.

बोलणं बंद करण्याचे प्रयोग

आईवरचा आरोप गेला, तरी मुलाचं बोलणं ऐकलं जाऊ लागलं, असं झालं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत ईवार लोव्हास यांनी 1960 च्या दशकात वर्तनावर आधारलेली शिकवण्याची पद्धत बसवली. हवं ते वागणं दिसलं की बक्षीस, नको ते दिसलं की शिक्षा. 1965 साली 'लाइफ' साप्ताहिकाने त्यांच्या कामावर सचित्र लेख छापला. मुलाच्या तोंडावर ओरडणं, चापट मारणं, विजेचा धक्का देणं, हे सगळं त्यात होतं. त्या काळी बऱ्याच मुलांपुढे दुसरा रस्ता आयुष्यभर बंदिस्त संस्थेत राहण्याचा होता, हेही खरं. डोनाल्डलाही तीन वर्षांचा असताना अशा संस्थेत ठेवलं होतं. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणलं.

या विचारसरणीत पुनरुच्चार हे शिकण्यात अडथळा आणणारं वर्तन ठरलं, म्हणून तो कमी करायचा. गंमत अशी की, न बोलणाऱ्या मुलांना लोव्हास यांनी बोलायला शिकवलं ते अनुकरण करायला लावूनच. शिक्षकाने सांगितल्यावर केलेली नक्कल म्हणजे प्रगती आणि मुलाने आपणहून केलेली नक्कल म्हणजे दोष!

फीत मागे नेऊन पाहिलं तेव्हा

वळण आलं 1980 च्या सुमारास, आणि त्यात एका यंत्राचा वाटा आहे : व्हिडिओ कॅमेरा. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी चार स्वमग्न मुलांच्या रोजच्या व्यवहाराचं चित्रण केलं आणि 1981 मध्ये एक हजाराहून अधिक पुनरुच्चारांचं विश्लेषण छापलं. त्यांनी नुसते शब्द मोजले नाहीत. शब्द म्हणताना मूल कुठे पाहत होतं, हात कुठे होता, सूर कसा होता, आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, हे फीत पुन्हा पुन्हा पाहून तपासलं. त्यांना सात प्रकारचे उपयोग दिसले. संभाषणातली आपली पाळी घेणं, वस्तू दाखवणं, मागणं, 'हो' म्हणणं, उत्तर देण्याआधी मनात जुळवाजुळव करणं, स्वतःला सूचना देणं. सातवा प्रकार कोणताही हेतू न दिसणाऱ्या पुनरुच्चारांचा होता, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे वेगळा ठेवला. 1984 मध्ये प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल यांनी उशिरा येणाऱ्या, म्हणजे तासांनी किंवा दिवसांनी उमटणाऱ्या, पुनरुच्चारांचा अभ्यास केला. तिथे चौदा प्रकार निघाले.

मुलाने "तुला पाणी हवं?" म्हणत पेल्याकडे पाहिलं, तर ते 'हो' आहे. खिडकीबाहेर पाहत सपाट सुरात म्हटलं, तर कदाचित नाही. आयांना हे ठाऊक होतंच. आता ते मोजून दाखवलं गेलं.

त्याच काळात भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅन पीटर्स यांनी दाखवलं की, सगळी मुलं एकेक शब्द जोडत भाषा शिकत नाहीत. काही मुलं आधी अख्खं वाक्य सुरासकट उचलतात आणि नंतर त्याचे तुकडे करायला शिकतात. प्रिझंट यांनी हा विचार स्वमग्न मुलांना लावला. या मांडणीवर आधारलेली एक उपचारपद्धत सध्या भारतातही जोरात आहे. तिच्या परिणामांचा भक्कम पुरावा अजून पुढे आलेला नाही, असा आक्षेप संशोधक घेतात. म्हणून 'बोलण्यात अर्थ असू शकतो' हे आणि 'अमुक कोर्स घेतला की मूल बोलेल' हे, दोन्ही एक समजू नका. पहिल्याला आधार आहे. दुसऱ्यासाठी पैसे भरण्याआधी प्रश्न विचारा.

आणि पुस्तकी वर्गवारी? 1980 च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत एकोलालिया हे बोलण्याच्या विचित्र पद्धतीत मोडत होतं. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ते हात फडफडवणं, वस्तू ओळीत लावणं यांच्याबरोबर पुनरावृत्तीच्या वर्तनात गेलं. संशोधन त्यात संवाद शोधत होतं आणि पुस्तिकेने त्याला संवादाच्या रकान्यातून बाहेर काढलं. आजही एखाद्या अहवालात हा शब्द 'वर्तन' या मथळ्याखाली दिसतो, तो त्यामुळेच.

आपल्या घरात

भारतातही पुढाकार पालकांचाच होता. दिल्लीत 1991 मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू करणाऱ्या मेरी बरुआ स्वतः स्वमग्न मुलाच्या आई. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

या संशोधनातलं बहुतेक काम इंग्रजीवर झालं आहे. मराठीत ऐकताना आपल्याला आपले कान वापरावे लागतील. मराठी क्रियापदात बोलणारा पुरुष की स्त्री हे कळतं. समजा, आई रोज बाहेर जाताना "आले हं मी" म्हणते. मुलगा दाराशी उभा राहून "आले हं मी" म्हणाला, तर तो व्याकरण चुकला, असं आपल्याला वाटेल. त्याने आईचं वाक्य जसंच्या तसं उचललं आहे आणि कदाचित तो सांगतोय की, मला बाहेर जायचंय. चूक दुरुस्त करण्याआधी चपला आणून दिल्या, तर उत्तर कळेल. मग "मी बाहेर जातो" हे वाक्य त्याच्या बाजूने म्हणून दाखवायचं, म्हणजे पुढच्या वेळी उचलायला योग्य वाक्य मिळेल.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरूच्या मराठी घरांत आणखी एक सल्ला मिळतो : घरातली मराठी बंद करा, शाळेची एकच भाषा ठेवा. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते, असं आजवरच्या संशोधनात दिसलेलं नाही. आणि आत्तापर्यंतची गोष्ट आठवा. अर्थ प्रसंगात असतो, प्रसंग घरात घडतो. आजी ज्या भाषेत ओरडते, गाते, जेवायला बोलावते, तीच भाषा काढून घेतली, तर मुलाच्या वाक्यामागचा प्रसंग कोण ओळखणार?

टिक्सचं काय? तिथे फरक ओळखावा लागतो, कारण एकाच मुलात दोन्ही असू शकतं. टिक अचानक येते, क्षणभर टिकते : डोळे मिचकावणं, मान झटकणं, घसा खाकरणं, एखादा आवाज. ती बहुधा पाच-सहा वर्षांच्या आसपास सुरू होते आणि दहा-बाराव्या वर्षी जोर धरते. मोठी मुलं सांगतात की आधी आतून एक टोचणी लागते, झटका आला की सुटल्यासारखं वाटतं. थोडा वेळ दाबता येते, पण टोकलं की बहुधा वाढते. डुलणं, हात फडफडवणं, वाक्य घोळवणं याला लय असते. त्याने मूल शांत होतं किंवा आनंद व्यक्त करतं. नक्की काय ते कळत नसेल, तर मोबाइलवर छोटं चित्रण करा आणि बालमेंदूविकारतज्ज्ञांना किंवा बालविकासतज्ज्ञांना दाखवा, कारण काही वेळा फिटचा प्रकारही असा दिसू शकतो. तीन वर्षं उलटूनही पुनरुच्चारच जास्त असेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर वाट पाहू नका. आणि घरी एक वही ठेवा : वाक्य कोणतं, ते पहिल्यांदा कुठे ऐकलं, आज कधी म्हटलं. कॅनरना आईच्या आठवणीतून जे मिळालं, ते या वहीत मिळतं.

डोनाल्ड ट्रिपलेट 2023 साली, 89 व्या वर्षी वारला. त्याने गावातल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी प्रवास केला. त्याच्या गावाने त्याचं बोलणं आहे तसं ऐकून घेतलं. सगळ्याच मुलांना असं आयुष्य मिळत नाही, आणि काही मुलं कधीच शब्दांनी बोलत नाहीत. पण जे बोलतात, त्यांचं तेच ते वाक्य आज संध्याकाळी पुन्हा कानावर पडेल, तेव्हा "पुरे आता" म्हणण्याआधी थोडं थांबा आणि ते पाहतंय कुठे, एवढं बघा.